बॉल पायथनची पेटी: कणकुंबीची वेगळी, अथणीची वेगळी

कणकुंबीत जुलैमध्ये भिंतीवर हात टेकला तर तळवा ओला होतो. अथणीत एप्रिलच्या दुपारी दोरीवर टाकलेला टॉवेल मागे वळून बघेपर्यंत वाळतो. दोन्ही गावं एकाच बेळगाव जिल्ह्यातली. मग परदेशातला व्हिडिओ बघून कुणी 'चार फुटी काचेची पेटी घ्या, वर जाळी लावा' म्हटलं तर ते नेमकं कुणी ऐकायचं? खरं तर दोघांनीही नाही. पेटी घेताना आपण सापाला खोली घेत नसतो, त्याच्या अंगाभोवतीची हवा धरून ठेवणारं भांडं घेत असतो. ते भांडं कसं असावं हे सापापेक्षा तुमच्या घरावर जास्त अवलंबून असतं.

बॉल पायथन हा घरात पाळला जाणारा छोटा, बिनविषारी अजगर; मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा. दिवसभर तो उंदीरवर्गीय प्राण्यांच्या जुन्या बिळात, वारुळात पडून असतो आणि रात्री बाहेर पडतो. बाहेरचं गवत करपलेलं असलं तरी बिळातली हवा कोमट आणि दमट असते. तीच हवा आपल्याला पेटीत हवी. गरम टोकाला, साप बसतो त्या पृष्ठभागावर, ३१ ते ३३ अंश सेल्सियस. थंड टोकाला २५ ते २७. रात्री थंड टोकसुद्धा २४ च्या खाली नको. आर्द्रता ६० ते ८० टक्के, पण तळ चिखल नाही. एवढे चार आकडे पेटीच्या दारावर चिकटवून ठेवा. पुढचं सगळं काम ते गाठण्यासाठीच आहे.

पेटीआधी कागद

बॉल पायथन 'साइट्स' या, वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या वन्यजीव संरक्षण दुरुस्ती कायद्याने, जो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, असे परदेशी प्राणीही अनुसूची ४ मध्ये आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. साप दुसऱ्याला दिला, मेला, पिल्लं झाली तर तेही कळवायचं असतं. विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद नसेल तर व्यवहार तिथेच सोडा. आणि कुणी 'अजगराचं पिल्लू स्वस्तात देतो' म्हणून खानापूरच्या रानातलं काही दाखवलं तर तो भारतीय अजगर, अनुसूची १ मधला. तो घरात ठेवणं हा गुन्हा आहे, पेटी कितीही चांगली असली तरी.

आधी घराची हवा मोजा

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे दोन डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर आणा, प्रोबवाले (वायरच्या टोकाला सेन्सर असलेले) असतील तर उत्तम. काट्याचे गोल डायल आणू नका, ते सर्रास दहा-पंधरा टक्के चुकतात. पेटी जिथे येणार त्याच जागी, त्याच उंचीवर एक आठवडा ठेवा आणि पहाटे सहा व दुपारी तीन असे दोनच आकडे वहीत लिहा. सोप्यातली हवा आणि आतल्या खोलीतली हवा यात चांगलाच फरक निघतो. पत्र्याच्या माडीवर तर विचारूच नका.

आता या आकड्यांचं काय करायचं ते बघा. हवा तापवली की तिची आर्द्रता टक्क्यांत घसरते, पाणी तेवढंच असलं तरी. बेळगाव शहरात पावसाळ्यात खोलीत २२ अंश आणि ९० टक्के असेल, तर तीच हवा पेटीत २९ अंशांपर्यंत तापल्यावर साधारण ५९-६० टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळ्यात हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर नको, ऊब हवी. उलट डिसेंबरच्या पहाटे १४ अंश आणि ७० टक्के असलेली हवा २८ अंशांवर नेली की ती जेमतेम ३० टक्के राहते. आणि अथणी-रायबागकडच्या एप्रिल दुपारची ३५ अंश, २५ टक्क्यांची हवा पेटीत थंड होऊन ३० वर आली तरी ३३ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

यातून निघतं ते लोकांच्या समजुतीच्या उलटं आहे: आपल्याकडे साप कोरडा पडतो तो थंडीत आणि उन्हाळ्यात, आणि आजारी पडतो तो पावसाळ्यात पेटी गार राहिली तर. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरचं बेळगाव गार आहे हे आपल्या अंगवळणी पडलंय, सापाच्या नाही.

आकार

पूर्ण वाढलेली मादी साधारण चार ते पाच फूट, नर तीन ते चार फूट. मोठ्या सापाला चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच पेटी द्या. साप त्यात अंग जवळपास सरळ करू शकतो, आणि गरम व थंड अशी दोन टोकं खरोखर वेगळी राहतात. अडीच फुटी पेटीत एकीकडे ३२ केलं की दुसरीकडे ३० होतं, मग साप थंड व्हायला जाणार कुठे?

उंची दीड फुटाच्या खाली आणू नका. हा साप जमिनीवरचा म्हणून ओळखला जातो, पण रात्री, विशेषतः लहान वयात, फांदी दिसली की चढतो.

पिल्लाला (ते वीतभर ते दीड फुटाचं असतं) १५ ते २५ लिटरचा झाकणाचा टब पहिले काही महिने सोयीचा पडतो. पाचशे ग्रॅमच्या आसपास वजन होईपर्यंत ५० ते ६० लिटर पुरतं. 'मोठ्या पेटीत पिल्लू घाबरतं, खात नाही' हे तुम्ही ऐकलं असेल. घाबरवते ती उघडी मोकळी जागा. चार फुटी पेटी पालापाचोळा, फांद्या आणि लपणांनी खच्चून भरली तर पिल्लू त्यातही निवांत राहतं. पैसे एकदाच घालायचे असतील तर मोठीच पेटी करा आणि आत गर्दी करा.

काच, टब, प्लायवूड की पीव्हीसी

बाजारात सगळ्यात सहज मिळतो तो माशांचा काचेचा टँक, वर जाळीचं झाकण. बॉल पायथनसाठी आपल्या हवेत हाच सगळ्यात त्रासाचा. गरम हवा वर जाते, वर पूर्ण जाळी, म्हणजे ऊब आणि ओल दोन्ही सरळ छताकडे. लोक मग दिवसातून तीनदा फवारणी करतात. तळ चिखल होतो आणि हवा तरीही कोरडीच. असा टँक घरात असेलच तर तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल लावा आणि जाळीचा पाऊण भाग ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाका. दिव्याखालचा भाग मात्र उघडाच ठेवायचा. एवढं केलं की टँक वापरता येतो, चांगला मात्र होत नाही.

पक्ष्यांचा तारेचा पिंजरा नको. साप नाक घासून घासून जखमी करून घेतो आणि ऊब शून्य टिकते.

प्लायवूड स्वस्त, ऊब धरणारं आणि मेस्त्रीला परिचित. पण पावसाळ्याचा आपल्याकडचा मुक्काम मोठा. साधं कमर्शियल प्लाय दुसऱ्या वर्षी कडेने फुगतं, काळी बुरशी धरतं. घ्यायचं तर आयएस ७१० शिक्क्याचं बॉइलिंग वॉटरप्रूफ प्लाय, १८ मिमी. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर पूर्ण विसरा.

पीव्हीसी फोम बोर्ड, ज्याची आता स्वयंपाकघरातली कपाटं करतात, तो आमच्या मते या भागासाठी पहिला पर्याय. पाणी पीत नाही, वाळवी लागत नाही, पुसला की स्वच्छ. दोनच खोड्या आहेत. १२ मिमी जाडीचा बोर्ड चार फुटांच्या लांबीवर ऊब लागून मध्ये झोळ खातो, म्हणून १८ मिमी घ्या. आणि साधारण साठ-सत्तर अंशांपुढे तो मऊ पडायला लागतो, म्हणून हीटर त्याला चिकटवून लावता येत नाही. त्याचं पुढे बघू.

निपाणीकडच्या वाचकांसाठी एक सूचना: वखारीतल्या जुन्या फळ्या, खोकी, गोणपाट पेटीला वापरू नका. तंबाखूची धूळ लाकडात मुरते आणि निकोटीन हे विषच आहे.

मेस्त्रीकडून करून घेताना

आठ बाय चारच्या एका शीटमध्ये चार बाय दोन बाय दोनची पेटी बरोबर बसते. चार बाय दोनचे तीन तुकडे (तळ, छत, पाठ) आणि दोन बाय दोनचे दोन (बाजू). बत्तीस चौरस फुटांत एक इंचही वाया जात नाही. करवतीचं पातं दर कापाला तीनेक मिमी खातं, तेवढी पेटी लहान होईल. त्याने काही बिघडत नाही. तळ आणि छत बाहेरून, बाजू त्यांच्या मध्ये, आणि पाठ दोन बाजूंच्या मध्ये बसवायची. म्हणजे पाठीची लांबी दोन जाड्यांनी, १८ मिमी बोर्ड असेल तर ३६ मिमीने, कमी करून घ्या. मेस्त्री हे विसरला की पाठ बसेना म्हणून घासत बसतो आणि कोपऱ्यात फट राहते.

समोर खाली चार इंचांची आणि वर तीन इंचांची पट्टी लावा. ही दुकानात पडलेल्या तुकड्यांतून निघते. खालची पट्टी माती अडवते, वरची दिव्याची तिरीप आपल्या डोळ्यांत येऊ देत नाही. पट्ट्यांच्या मध्ये सरकत्या काचेचं दुहेरी चॅनेल: खाली उथळ, वर खोल. दोन्ही चॅनेल एकसारखी बसवली तर काच आत जाणारच नाही, किंवा गेली तर उचलून बाहेर पडेल.

काच ५ मिमीची, कडा घासलेल्या, शक्यतो टफन्ड. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, म्हणून माप कागदावरच्या चित्रावरून देऊ नका. पेटी उभी राहिल्यावर, चॅनेल चिकटवल्यावर, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी उंची मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. काच वरच्या खाचेत पूर्ण वर ढकलली की तिची खालची कड खालच्या चॅनेलच्या काठापासून दोन मिमी वर आली पाहिजे. खाली सोडल्यावर वरच्या खाचेत निदान ५ मिमी काच अडकून राहिली पाहिजे. हे जमलं की दार जमलं. दोन काचा मध्ये एकमेकींवर एक इंच चढलेल्या असाव्यात आणि तिथे सोनाराच्या किंवा मोबाइलच्या दुकानातल्या शोकेसला असतं ते दातेरी पट्टीचं कुलूप लावा. ते नंतर बघू असं म्हणू नका. हा साप रात्रभर नाकाने काच ढकलत असतो. काच चार मिमी सरकली की तो तिथेच जोर लावतो.

सगळे सांधे आतून सिलिकॉनने भरा. ॲक्वेरियमचं साधं सिलिकॉन घ्या, बाथरूमचं बुरशीनाशक घातलेलं नको. व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जायला आठवडाभर दारं उघडी ठेवा. प्लायवूड असेल तर आतून पाण्यावर आधारलेल्या पॉलियुरेथेनचे तीन ते चार हात, दोन हातांमध्ये पॉलिश पेपर, आणि शेवटच्या हातानंतर दोन आठवडे सुकवण. पावसाळ्यात तीन धरा. वाळवीचं औषध आतल्या बाजूला लावायचं नाही. मेस्त्री सवयीने लावतो, आधीच सांगून ठेवा.

हवेची भोकं हा सगळ्यात गावनिहाय भाग. एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, अशी तिरकी हवा खेळली पाहिजे. सगळी भोकं वर केली की ऊब उडून जाते, सगळी खाली केली की वर दमट हवा साचते. कपाटांना लावतात त्या ५० मिमीच्या जाळीच्या गोल झडपा दोन्ही बाजूंना चार-चार बसवा. मग गावाप्रमाणे झाका. खानापूर, जांबोटी, चोर्ल्याकडे पावसाळ्यात आठही उघड्या. बेळगाव शहरात पावसाळ्यात सहा, थंडीत तीन. चिकोडी, गोकाक, अथणीकडे उन्हाळ्यात दोन ते तीन पुरे. झाकायची ती बाहेरून. आतून चिकटपट्टी कधीही लावू नका. खवल्यांना चिकटली की सोडवताना कातडी निघते, तिथे तेल लावून अर्धा-पाऊण तास हळूहळू सोडवत बसावं लागतं.

१८ मिमी प्लायची अशी पेटी काचेसह चाळीस किलोंच्या पुढे जाते. स्टँड उद्यमबागेतल्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडून एक इंची चौकोनी पाइपचा करून घ्या. टीपॉयवर ठेवू नका.

ऊब: इथेच बहुतेक चुका होतात

पहिली चूक हीटमॅट, म्हणजे खालून तापवणारी विजेची चटई. टबाखाली लहान पिल्लाला ठीक, पण चार फुटी पेटीत ती हवा तापवत नाही. खोली १५ अंशांवर असताना सापाचं पोट गरम आणि फुप्फुस गार, असा प्रकार होतो. वरून तीन इंच माती टाकली की मॅटची ऊब खालीच अडकते आणि मॅट स्वतःच जास्त तापून काच तडकते.

मोठ्या पेटीला वरून ऊब द्या. रात्रंदिवस चालणारा सिरॅमिक हीटर हा गाभा. तो उजेड देत नाही. १८ मिमी पेटीला बेळगावच्या थंडीत १५० वॅट लागतो, उन्हाळा-पावसाळ्यात १०० पुरतो. दिवसा हवा असेल तर सोबत ५० वॅटचा हॅलोजन, डिमरवर. लाल-निळे 'नाइट बल्ब' घेऊ नका, सापाला रात्र रात्रच वाटू दे.

सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून होल्डर प्लास्टिकचा नाही, पोर्सेलिनचा. पीव्हीसी छताला लावताना मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा आणि सगळ्या बाजूंनी वीसेक सेंटीमीटर मोकळी जागा. आणि हीटरभोवती वेल्डमेशचा पिंजरा, ज्याच्या भोकातून करंगळी जाणार नाही असा. बॉल पायथनला भाजतंय हे वेळेत कळत नाही. तो गरम बल्बला वेटोळं घालून बसतो आणि सकाळी पोटाची कातडी गेलेली असते.

थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर बंद-चालू करणारं यंत्र) नसेल तर कुठलाही हीटर लावू नका, एका रात्रीसाठीसुद्धा. कोंबडीची अंडी उबवायच्या यंत्राला लावतात तो एसटीसी-१००० प्रकारचा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट सिरॅमिक हीटरला चालतो. त्याची मागची टर्मिनलं उघडी असतात, त्यामुळे तो प्लास्टिकच्या डब्यात इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. बंद आणि चालू होण्यातला फरक एक अंशाचा ठेवा. हॅलोजनला मात्र ऑन-ऑफ नको, दिवा सारखा विझत-पेटत राहून लवकर जातो.

प्रोब गरम लपणाच्या तळाशी, भिंतीला क्लिपने स्क्रू करून पक्का. नुसता ठेवला तर साप तो ओढून थंड टोकाला किंवा पाण्यात नेतो. थर्मोस्टॅटला वाटतं गार आहे आणि हीटर थांबतच नाही. दुसरा धोका रिलेचा, म्हणजे थर्मोस्टॅटमधल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचा: जुना झाला की तो 'चालू' स्थितीतच चिकटतो. म्हणून तसाच दुसरा थर्मोस्टॅट मालिकेत (त्याच तारेवर एकापुढे एक) लावा, ३६ अंशांवर सेट करून, त्याचा प्रोब हीटरखालच्या हवेत. पहिला बिघडला तर दुसरा तोडेल. हा खर्च वाचवू नका. गार पेटीत साप आठवडाभर तग धरतो, ४० अंशांच्या पेटीत तासाभरात जातो.

बिलाचा हिशोब: १५० वॅट, दिवसाचा दोन तृतीयांश वेळ चालू, म्हणजे रोज २.४ युनिट, महिन्याला सत्तरच्या आसपास. पाठ, दोन बाजू आणि छताच्या हीटर नसलेल्या भागावर बाहेरून एक इंची थर्माकोल लावला की हा आकडा ठळकपणे खाली येतो. झडपा मात्र झाकायच्या नाहीत. वीज जाते तेव्हासाठी: १५० एएचची घरची बॅटरी अर्धी वापरली तरी शंभर वॅटचा सरासरी भार सात-आठ तास ओढते. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून आत ठेवा आणि पेटीवर घोंगडं टाका.

आतली मांडणी

तळाला कोकोपीट. चार बाय दोनच्या तळावर आठ सेंटीमीटर थराला सुमारे ५८ लिटर लागतं, आणि पाच किलोची एक वीट फुगून साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त होते. नर्सरीतून आणलेली वीट आधी दोनदा पाण्यात भिजवून निथळून घ्या, त्यात मीठ असतं. मूठभर उचलून दाबा: गोळा व्हावा, पण बोटांमधून थेंब पडू नये. वर जांभूळ-आंब्याचा वाळका पाला, उकळत्या पाण्यातून काढून पुन्हा वाळवलेला. देवदार-पाइनचा भुसा, वाळू, विटांचा चुरा यातलं काही नको.

ओल वाढवायची तर फवारू नका. कोपऱ्यात अर्धा लिटर पाणी ओता. खालचा थर ओला, वरचा कोरडा राहतो, आणि साप बसतो तो वर. सतत ओल्या वरच्या थरावर पोटाचे खवले तपकिरी होतात, फोड येतात.

लपणं दोन, शक्य तितकी एकसारखी, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. साप वेटोळं घालून बसला की भिंती अंगाला लागल्या पाहिजेत. प्लास्टिकच्या महागड्या गुहा मागवण्यापेक्षा खानापूरच्या कुंभाराकडून बसकं मडकं घ्या आणि भाजण्याआधीच बाजूला सापाच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपट भोक पाडून मागा. भाजलेल्या मडक्याला ड्रिल लावलं तर बरीच फुटतात. माती ओल शोषून हळू सोडते, त्यामुळे कात टाकायच्या दिवसांत आत ओलं शेवाळ टाकलं की तेच दमट लपण होतं. पिल्लाला जुन्या घरावरचं नळीचं कौल पुरतं. गरम टोकाला शहाबादीचा एक तुकडा ठेवा, ऊब धरतो. मात्र तो सरळ तळावर टेकलेला हवा, मातीवर नाही. खाली उकरलं की दगड सापावर बसतो.

पाण्याचं भांडं जड, दगडी किंवा चिनीमातीचं, थंड टोकाला. फांद्या स्क्रूने पक्क्या. दिवसाचा उजेड बारा तास, साधा एलईडी चालतो.

पेटी कुठे ठेवावी

खिडकीच्या उन्हात नको: काचेमागे दहा मिनिटांत ४० अंश होतात. गॅसजवळ नको, फोडणीचा धूर आणि नॉनस्टिकचा जळका वास दोन्ही वाईट. पश्चिमेची पत्र्याखालची भिंत टाळा. मुंग्यांसाठी आजीच्या जाळीच्या कपाटाची युक्ती: स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. लाल मुंग्या रात्रीत पिल्लाच्या डोळ्यांपर्यंत पोचतात. पण त्या खोलीत मुंग्यांचा खडू, डासांची कॉइल, लिक्विड, डांबर गोळ्या काहीही नाही. खडू-कॉइलमधलं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक सापांना सोसत नाही.

सापाआधी तीन रात्री

सगळं भरून, पाणी ठेवून, हीटर लावून रिकामी पेटी तीन दिवस चालवा. पहाटे सहाचा आकडा महत्त्वाचा. थंड टोक २४ च्या खाली गेलं तर आधी थर्माकोल वाढवा, मग वॅट. गरम टोक ३५ च्या वर गेलं तर प्रोबची जागा चुकली आहे, सेटिंग नाही. आर्द्रता ६० च्या खाली असेल तर आणखी एक झडप झाका आणि मातीची खोली वाढवा. काचेवर सकाळी पाणी ओघळत असेल तर वरच्या बाजूची एक उघडा. इन्फ्रारेड गनने शहाबादीचं आणि दोन्ही लपणांच्या तळाचं तापमान वेगवेगळं बघा. हवेचा आकडा एक सांगतो, दगड दुसरं.

साप आत गेल्यावर पहिला आठवडा हात लावू नका. खाल्लं नाही तर आधी आकडे बघा. हा साप थंडीत महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, पण तोंड उघडं, नाकातून बुडबुडे किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर पेटी कोरडी आहे.

आणि सुटला तर

दारं-खिडक्या बंद करून आधी उबदार अंधार शोधा: फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ, इन्व्हर्टरखाली, गाद्यांच्या चवडीत, बुटांत. रात्री दारांच्या उंबऱ्यावर पिठाची रेघ ओढून ठेवा, सकाळी माग दिसतो. शेजाऱ्यांना लगेच सांगा. तपकिरी अंगावर गडद ठिपके असलेला जाडसर साप दिसला की आपल्याकडे तो घोणस म्हणूनच काठीखाली जातो, आणि त्यांचंही चुकत नाही, दुरून तो दिसतोच तसा.

याच्या उलटं जास्त जीवघेणं आहे. परड्यात लाकडांच्या ढिगाजवळ वेटोळं दिसलं, तर 'आपलाच' म्हणून हात घालू नका. घोणसाच्या अंगावर साखळीसारख्या तीन रांगा, खरखरीत खवले, चपटं त्रिकोणी डोकं आणि कुकरसारखा मोठा फूत्कार. बॉल पायथनचे खवले गुळगुळीत चकचकीत आणि वरच्या ओठावर छोटे खड्डे. पण हे बघायला जितकं जवळ जावं लागतं तितक्या अंतरावरून घोणस चावतो. दुरून मोबाइलवर झूम करून फोटो काढा, मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, नजर न हलवता सर्पमित्राला बोलवा, आणि तो येईपर्यंत कुणालातरी घरात जाऊन पेटीचं कुलूप तपासायला सांगा.